पोपच्या नगरीतील परका महापौर

काही वर्षांपूर्वी कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात बी. ए. च्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "सर, नगरपालिकेत आपली चार माणसे निवडून गेली तर फरक काय पडतो? गटार तेच, नळ तोच, ठेकेदारही तोच." मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यालाही पटले नाही आणि खरे म्हणजे मलाही पटले नाही. मी स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकलो आणि पुढे आयुष्यभर नगरपालिकेच्याच शाळेत शिकवले. त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनातून सहजासहजी जाण्यासारखा नव्हता. शहराचा कारभार हाती आला तर त्यातून नेमके काय करता येते आणि कुठे हात आखडतात, हे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहावे असे वाटले. शोधता शोधता मी रोम शहराच्या एका महापौरापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव एर्नेस्तो नाथान. 1907 ते 1913 अशी सहा वर्षे तो रोमचा महापौर होता.

आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. मॅझिनी मात्र सर्वांना ठाऊक आहे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर केले. ते 1907 मध्ये प्रसिद्ध झाले आणि सरकारने ते जप्त केले. म्हणजे ज्या वर्षी मॅझिनी मराठीत आला, त्याच वर्षी लंडनमध्ये जन्मलेला आणि मॅझिनीच्या मांडीवर वाढलेला एक माणूस रोमचा महापौर झाला. हा नुसता योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला त्यातली एक गोष्ट टोचते. आपल्याकडे आला तो मॅझिनी गुप्त मंडळ्यांचा, शपथांचा आणि शस्त्रांचा. दुसरा मॅझिनी आलाच नाही. इटलीहून आणलेली गरिबांची पोरे लंडनच्या रस्त्यावर बाजाची पेटी फिरवून भीक मागत, दिवसाची कमाई त्यांच्या मालकाच्या खिशात जाई. त्या पोरांसाठी 1841 मध्ये ज्याने रात्रीची मोफत शाळा काढली, आणि 'मानवाची कर्तव्ये' हे पुस्तक ज्याने इटलीच्या कामगारांना उद्देशून लिहिले, तो हा दुसरा मॅझिनी. नाथानला वारशात मिळाला तो प्रामुख्याने हा.

नाथानविषयी पुढे सांगण्यापूर्वी ज्या शहरात तो महापौर झाला त्या शहराविषयी थोडे सांगणे भाग आहे. रोम हे कित्येक शतके पोपचे राज्य होते. पोप हा नुसता धर्मगुरू नव्हता. तो राजा होता. त्याची पोलिसचौकी होती, तुरुंग होता, फाशीचा खांबही होता. 1555 मध्ये चौथ्या पॉलने फर्मान काढून रोममधील ज्यूंना टायबर नदीकाठच्या एका सखल, पुराच्या जागेत कोंडले. भोवती भिंत घातली. दरवाजे रात्री बंद होत. ज्यूंनी जमीनजुमला घ्यायचा नाही, ओळखू यावे म्हणून पिवळ्या रंगाची खूण अंगावर बाळगायची, आणि व्यापार करायचा तो जुन्यापान्या कपड्यांचा. त्यांना जबरदस्तीने बसवून ख्रिस्ती प्रवचने ऐकवली जात. कार्निव्हलच्या सणात लोकांच्या करमणुकीसाठी त्यांना रस्त्यातून पळवले जाई. ही पळापळ 1668 मध्ये थांबली. भिंत पाडली गेली ती 1848 मध्ये, आणि वस्तीवरचे निर्बंध कायमचे उठले ते 1870 मध्ये पोपचे राज्य गेले तेव्हा. या अंकाच्या वाचकांना भिंत, खूण आणि ठरवून दिलेला धंदा या तीन गोष्टींचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीच्या सैन्याने पोर्ता पिया नावाच्या वेशीजवळ तटाला खिंडार पाडले आणि रोममध्ये प्रवेश केला. त्याच्या दोनच महिने आधी व्हॅटिकनच्या धर्मसभेने, श्रद्धा आणि नीती यांबाबत पोप अधिकारवाणीने बोलतो तेव्हा तो कधीही चुकत नाही, असा ठराव केला होता. राज्य गेल्यावर पोपने स्वतःला व्हॅटिकनचा कैदी म्हणवून घेतले, आणि राष्ट्रीय निवडणुकीत कॅथलिकांनी उमेदवारही होऊ नये व मतही देऊ नये अशी आज्ञा दिली. त्यामुळे रोममध्ये एकाच वेळी दोन सत्ता नांदत होत्या. एक राजाची, एक पोपची. सरदार घराणीही वाटली गेली. पोपशी निष्ठा ठेवणारे 'काळे', राजाशी जुळवून घेणारे 'पांढरे'. जमिनीच्या धंद्यात मात्र काळ्यापांढऱ्यांचे छान जमत असे.

अशा शहरात एक ज्यू, जन्माने इंग्रज, फ्रीमेसनांचा माजी सर्वोच्च प्रमुख आणि प्रजासत्ताकवादी मॅझिनीचा शिष्य महापौर झाला. घेट्टोचे निर्बंध उठून तेव्हा 37 वर्षे झाली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आपण भाबडेपणाने एक चित्र रंगवू. नाथान हा रोमच्या घेट्टोतून वर आलेला माणूस नाही. चिंध्या विकणाऱ्याचा तो मुलगा नव्हे. 5 ऑक्टोबर 1845 रोजी लंडनमध्ये तो जन्मला. बाप जर्मनीतून आलेला सुखवस्तू पेढीवाला. घरात पैसा होता, नोकरचाकर होते. तेव्हा 'तळातून शिखरावर' अशी ही कथा नाही. परकेपणा त्याच्या वाट्याला आला, दारिद्र्य आले नाही. या दोहोंतला फरक आपण विसरू नये.

त्याला घडवले ते त्याच्या आईने. सारा लेवी ही इटलीतल्या पेझारो गावची. लहान वयात लग्न होऊन ती लंडनला आली. बारा मुले झाली. नवरा 1859 मध्ये वारला. परागंदा झालेला मॅझिनी त्यांच्या घरी येई, जेवी, मुलांशी बोले. सारा त्याच्या कामात पैशाने आणि देहाने उतरली. इटलीत परतल्यावर पोलिसांचा ससेमिरा लागला तेव्हा ती स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला गेली. तिथले तिचे घर मॅझिनीचा आसरा झाले. 10 मार्च 1872 रोजी मॅझिनी पिसा येथे वारला, तो साराच्या मुलीच्या सासरी, रोसेल्ली कुटुंबाच्या घरात, ब्राउन असे खोटे इंग्रजी नाव घेऊन. पुढच्याच वर्षी साराने रोमच्या त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीत मुलींसाठी शाळा काढली. तिथे धर्मपाठ नव्हता. त्याऐवजी मॅझिनीच्या 'कर्तव्यां'चे वाचन होई.

साराचे आणखी एक काम मला त्याहून मोलाचे वाटते. इटलीत 1860 पासून वेश्याव्यवसाय सरकारी नोंदणीखाली होता. पोलीस बाईचे नाव वहीत घालीत, तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी होई, आणि एकदा नाव लागले की सुटका कठीण. पुरुषाचे नाव कुठल्याच वहीत नसे. अशाच कायद्यांविरुद्ध इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर लढत होती. त्या कायद्याचे भावंड 1868 मध्ये हिंदुस्थानातही आले होते. सारा, तिचा मुलगा जुझेप्पे आणि एर्नेस्तो यांनी बटलरबाईंच्या बरोबर इटलीत ही चळवळ चालवली. पुरुष नेत्यांच्या चरित्रांत अशा गोष्टी दोन ओळींत उरकल्या जातात. पण पोलिसाच्या वहीत नाव घातली गेलेली बाईसुद्धा नागरिक आहे, हे ज्या घरात जेवणाच्या वेळी बोलले जाते, त्या घरातला मुलगा पुढे शहराचा हिशेब वेगळ्या नजरेने वाचतो, असे मला वाटते.

एर्नेस्तो 1871 मध्ये रोमला आला तो मॅझिनीच्या 'रोमा देल पोपोलो' या पत्राचा कारभार पाहण्यासाठी. नाव 'लोकांचे रोम'. पुढे मॅझिनीच्या लेखनाच्या प्रकाशनाचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. 1888 मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याला इटलीचे नागरिकत्व मिळाले. 1896 मध्ये तो इटलीतील फ्रीमेसनांचा सर्वोच्च प्रमुख झाला. त्याच्या इटालियन बोलण्याला शेवटपर्यंत इंग्रजी हेल होता आणि विरोधकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. ज्यू, मेसन, इंग्रज, या तीन शिव्या त्यांना पुरत असत.

फ्रीमेसनांविषयी मला आकर्षण नाही. बंद दाराआडची, वकील-डॉक्टर-प्राध्यापकांची ती मंडळी. लोकशाहीचे बोलायचे आणि आपसांत खुणेने ओळखायचे, हे मला विसंगत वाटते. पण त्या काळच्या इटलीत पुरोहितशाहीच्या बाहेर उभे राहणाऱ्या मध्यमवर्गाला एकत्र येण्याची तीच एक पक्की जागा होती, हेही नाकारता येत नाही.

1907 मध्ये उदारमतवादी, रॅडिकल, रिपब्लिकन आणि समाजवादी यांनी मिळून 'लोकगट' उभारला आणि रोमची नगरसभा जिंकली. नोव्हेंबरात नगरसभेने नाथानला महापौर निवडले. शहर तेव्हा कसे होते? 1871 मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती 1911 पर्यंत पाच लाखांच्या वर गेली. राजधानी झाल्यावर जमिनीचा सट्टा सुरू झाला. जुन्या बागा आणि द्राक्षमळे कापून भूखंड पाडले गेले. बँकांनी कर्जे दिली. 1887 च्या सुमारास हा फुगा फुटला, बँका बुडाल्या, आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या रांगा तशाच उभ्या राहिल्या. सान लोरेंझो ही त्यातलीच एक वस्ती. एकेका खोलीत अनेक कुटुंबे. ज्यांना तेही परवडत नव्हते ते तटाबाहेर, जुन्या जलसेतूंच्या कमानींना टेकून फळ्यापत्र्यांच्या झोपड्या बांधून राहत. वीज आणि गॅस 'आंग्लो-रोमाना' या खाजगी कंपनीच्या हातात. ट्राम दुसऱ्या खाजगी कंपनीच्या हातात. शहराच्या अंगावर नफ्याची अशी जोडगोळी बसली होती.

नाथानच्या मंडळींनी पहिला हात घातला तो जमिनीला. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पंतप्रधान जोलित्तीच्या सरकारने 1907 मध्ये रोमसाठी खास कायदा केला होता. इमारतीयोग्य मोकळ्या जमिनीवर तिच्या किमतीच्या टक्केवारीने कर बसवायचा. पण किंमत ठरवायची कुणी? मालकाने स्वतः! त्याने जाहीर केलेल्या किमतीवर कर. आणि उद्या नगरपालिकेला ती जमीन सार्वजनिक कामासाठी हवी झाली तर मोबदलाही त्याच जाहीर किमतीप्रमाणे. आता मालकाची पंचाईत पाहा. कर चुकवावा म्हणून किंमत कमी सांगितली, तर जमीन त्या कवडीमोलाने जाते. मोबदला जास्त मिळावा म्हणून किंमत फुगवली, तर दरवर्षी फुगीर कर भरावा लागतो. भूखंड रिकामा ठेवून भाव चढण्याची वाट पाहत बसणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्या धंद्याच्या मुळावरच हा घाव होता. असा कायदा आपल्या शहरांतून अमलात आला तर किती पुढारी रात्री झोपतील, याचा वाचकांनी विचार करावा.

मालक मंडळी अर्थातच स्वस्थ बसली नाहीत. त्यांनी या कराविरुद्ध सर्व वाटांनी झगडा केला आणि पुढे त्याचे दात बोथट झाले. पण 1909 मध्ये सानयुस्त या अभियंत्याने केलेला शहराचा विकास आराखडा याच विचाराच्या आधाराने मंजूर झाला. कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे किती उंचीची इमारत हे शहराने ठरवायचे, भूखंडाच्या मालकाने नव्हे, हे तत्त्व निदान कागदावर तरी आले. तेस्ताच्चो आणि सान साबा येथे कामगारांसाठी घरे उभी राहू लागली. हे काम 1903 मध्ये स्थापन झालेल्या लोकगृह-संस्थेचे. नाथानचे सारे श्रेय नव्हे.

दुसरा हात वीज आणि ट्रामला. येथे नाथानपेक्षा जोव्हान्नी मोंतेमार्तिनीचे नाव घेतले पाहिजे. हा समाजवादी अर्थशास्त्रज्ञ. सार्वजनिक सेवा नगरपालिकेच्या मालकीच्या का असाव्यात यावर 1902 मध्येच त्याने ग्रंथ लिहिला होता. नाथानने त्याला तांत्रिक सेवांचे खाते दिले. 1903 च्या कायद्याने नगरपालिकांना अशा सेवा स्वतः चालवण्याची मुभा दिली होती, मात्र मतदारांचा कौल घेण्याची अट होती. रोममध्ये हा कौल घेतला गेला 20 सप्टेंबर 1909 रोजी. तारीख मुद्दाम निवडलेली होती. ज्या दिवशी पोपची सत्ता गेली त्याच दिवशी कंपन्यांची मक्तेदारी जावी, असा त्यातला अर्थ. कौल प्रचंड बहुमताने नगरपालिकेच्या बाजूने पडला. 1911 मध्ये नगरपालिकेच्या ट्राम धावू लागल्या. 1912 मध्ये टायबरकाठी, ओस्तिएन्से रस्त्यावर नगरपालिकेचे स्वतःचे वीजकेंद्र सुरू झाले. खाजगी कंपन्यांना हाकलून दिले नाही हेही लक्षात घ्यावे. त्यांच्या शेजारी नगरपालिकेने आपले दुकान थाटले. स्पर्धा आल्याबरोबर कंपनीला दर उतरवावे लागले. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांना बाजाराचेच औषध पाजले म्हणायचे. मोंतेमार्तिनी 1913 मध्ये, पदावर असतानाच, अचानक वारला. वीजकेंद्राला त्याचे नाव देण्यात आले.

पैसा कुठून आला? काटकसरीतून, असे त्याचे चाहते सांगतात. रोममध्ये एक म्हण आहे, 'मांजरांना आतडी नाहीत'. आता काही मिळणार नाही, असा तिचा अर्थ. ती नाथानपासून आली असे रोमकर सांगतात. अंदाजपत्रक तपासताना त्याला एक बाब दिसली म्हणे. नगरभवनातली कागदपत्रे उंदरांपासून वाचवण्यासाठी पाळलेल्या मांजरांच्या खुराकाची. मांजरांनी उंदीर खावेत, आणि उंदीर नसतील तर मांजरे कशाला, असे म्हणून त्याने ती बाब खोडली. गोष्ट खरी की रचलेली हे मी सांगू शकत नाही. पण ज्या महापौराविषयी लोक अशी गोष्ट रचतात, त्याने अंदाजपत्रक वाचले होते एवढे नक्की. आमच्या गावच्या एका नगराध्यक्षांनी अंदाजपत्रक न उघडताच त्यावर भाषण केलेले मी ऐकले आहे.

शिक्षकांना यात रस असेल तो शाळांचा भाग. नगरपालिकेच्या शाळांतून धर्मपाठ बाहेर गेला. बालवाड्या आणि प्राथमिक शाळा वाढल्या. शाळेत मुलांना जेवण, डॉक्टरकडून तपासणी, वाचनालये ही शहराची जबाबदारी मानली गेली. मारिया माँतेसोरीची पहिली बालशाळा सान लोरेंझोमध्ये उघडली, तिचेही श्रेय पुष्कळजण नाथानला देतात. ते चूक आहे. ती शाळा 6 जानेवारी 1907 रोजी, तो महापौर होण्यापूर्वी दहा महिने, एका गृहबांधणी संस्थेने चाळीतली पोरे दिवसभर भिंती खराब करू नयेत म्हणून उघडली होती! नाथान आणि त्याची पत्नी व्हर्जिनिया यांनी पुढे माँतेसोरीच्या कामाला पाठबळ दिले, एवढे खरे. 1939 मध्ये हीच माँतेसोरीबाई हिंदुस्थानात आली. आपल्याकडे तिच्या पद्धतीच्या शाळा बहुतेक पैसेवाल्यांच्या मुलांसाठी निघाल्या. ताराबाई मोडकांनी ती बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेली, हा सन्मान्य अपवाद. मुळात ही पद्धत चाळीतल्या कामकऱ्यांच्या पोरांवर उभी राहिली होती, याची आठवण आता फार थोड्यांना आहे.

रोमच्या नगरपालिकेची हद्द तटापाशी संपत नव्हती. बाहेर 'आग्रो रोमानो' नावाचे विस्तीर्ण माळरान होते. जमीन मोठ्या सरदारांची आणि धर्मसंस्थांची. मजूर डोंगरातून हंगामापुरते उतरत. मुकादम त्यांच्या टोळ्या आणी, उचल देई आणि मजुरीतून आपला वाटा कापून घेई. गवताच्या खोपट्यांत माणसे, पोरे, कोंबड्या एकत्र. मलेरियाने दरसाल बळी जात. अशा ठिकाणी डॉ. आंजेलो चेल्ली, त्यांची पत्नी आन्ना, कवी जोव्हान्नी चेना आणि लेखिका सिबिल्ला आलेरामो यांनी 1904 च्या सुमारापासून रात्रीच्या आणि रविवारच्या शाळा चालवल्या. कधी गोठ्यात, कधी खोपट्यात. शिक्षक शहरातून जात. 1911 मध्ये इटलीच्या एकीकरणाला पन्नास वर्षे झाली म्हणून रोममध्ये डामडौलाचे प्रदर्शन भरले. त्या वर्षी संगमरवराचे भले मोठे राजस्मारकही उघडले गेले. त्या झगमगाटात चेना आणि त्याच्या मित्रांनी माळरानावरचे एक खोपटे उभारून ठेवले आणि त्यात या शाळांचे काम मांडले. पन्नास वर्षांत काय झाले हे दाखवायला लाखो लिरांचे मंडप होते. काय झाले नाही हे दाखवायला ते एक खोपटे पुरले.

नाथानचे नाव जगभर झाले ते मात्र वीज-ट्रामने किंवा शाळांनी नव्हे, एका भाषणाने. 20 सप्टेंबर 1910 रोजी पोर्ता पियाच्या खिंडारापाशी त्याने भाषण केले. 1870 पूर्वीचे तटबंद, धर्माज्ञेने जखडलेले रोम आणि त्यानंतरचे विचाराला मोकळे झालेले रोम यांची त्याने तुलना केली. पोपच्या अचूकतेच्या सिद्धान्तावर टीका केली. दोनच दिवसांनी दहाव्या पायसने जाहीर पत्राने निषेध केला. देशोदेशीच्या कॅथलिकांनी सभा घेतल्या, निषेधाचे ठराव केले. चार वर्षांनी नाथान सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी इटलीचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेत गेला, तेव्हाही तिथल्या कॅथलिकांनी त्याच्याविरुद्ध निदर्शने केली. महापौराने रस्ते झाडावेत, धर्मावर बोलू नये, असे सभ्य लोकांचे म्हणणे होते. मला विचाराल तर त्या भाषणात एक उणीव आहे. अज्ञानाविरुद्ध तो बोलला, पण अज्ञान कुणाच्या फायद्यासाठी टिकवले जाते याविषयी त्या भाषणात धार नाही. तरीही पोपच्याच नगरीत, घेट्टोची आठवण जिवंत असलेल्या माणसांसमोर, एका ज्यूने उभे राहून ते बोलणे ही साधी गोष्ट नव्हती.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. नाथानला निवडून देणारे मतदार होते कोण? साक्षर आणि कर भरणारे पुरुष. सान लोरेंझोच्या चाळीतील बहुतेकांना, आग्रोतील मजुराला, झोपडीतल्या गवंड्याला मत नव्हते. बाईला तर नव्हतेच. तिने पहिल्यांदा मत दिले ते 1946 मध्ये. 1909 चा कौल म्हणजे याच मर्यादित मतदारांचा कौल. 1912 मध्ये जोलित्तीने मताधिकार वाढवला. देशातील मतदार सुमारे 33 लाखांवरून 86 लाखांवर गेले. तिसाव्या वर्षावरील निरक्षर पुरुषालाही मत मिळाले. आपल्याला वाटेल, आता तर नाथानची बाजू बळकट झाली. घडले उलटे. 1913 च्या निवडणुकीत कॅथलिक मतदार-संघटनेचा प्रमुख जेंतिलोनी याने उमेदवारांकडून धर्मशिक्षणाला पाठिंबा, घटस्फोटाला विरोध अशी लेखी वचने घेऊन नव्या मतदारांची मते त्यांच्याकडे वळवली. रोममध्ये राष्ट्रवादी फेदेर्झोनी कॅथलिकांच्या आधाराने संसदेत गेला. हाच पुढे मुसोलिनीचा मंत्री झाला. लोकगट आधीच फुटला होता. 1911 च्या लिबिया युद्धाने डाव्यांत फूट पाडली होती, समाजवादी आणि रिपब्लिकन दूर सरकत होते. डिसेंबर 1913 मध्ये नाथानने राजीनामा दिला. 1914 मध्ये सरदार घराण्यातला प्रोस्पेरो कोलोन्ना महापौर झाला.

त्या शिबिरातल्या मुलासमोर मी आज उभा राहिलो तर हा भाग त्याला सांगताना मला संकोच वाटेल. गरिबांसाठी ट्राम आणली, दिवे आणले, शाळा आणल्या, आणि गरिबाच्या हाती मत आल्याबरोबर तो चर्चच्या मागे गेला. 'लोक कृतघ्न असतात' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझे मत वेगळे आहे. चर्च त्या माणसाच्या वस्तीत होते. बारशाला, मयताला, आजारपणात पाद्री दारात येत होता, त्यांची पतपेढी होती, त्यांच्या स्त्रियांच्या मंडळ्या होत्या. लोकगट नगरभवनात होता. त्याने लोकांसाठी केले, पण आग्रोच्या खोपट्यात जाणारे चेनासारखे हातावर मोजण्याइतके. मतपत्रिका हाती येण्यापूर्वी त्या माणसाच्या दारात कोण गेले होते, यावर ती मतपत्रिका कुणाला जाईल हे ठरले. नाथानचा प्रामाणिकपणा, हिशेबीपणा, निर्भयपणा मला मान्य आहे. पण त्याच्या लोकगटात लोक कमी आणि गट जास्त होता.

1915 मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा सत्तरीचा नाथान स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेला. मॅझिनीच्या राष्ट्रवादाचा हा भाग मला उचलता येत नाही. तिथे मी थांबतो. 9 एप्रिल 1921 रोजी तो रोममध्ये वारला. मुसोलिनी सत्तेवर येण्याला अजून दीड वर्ष होते.

त्यानंतर जे झाले ते त्याने पाहिले नाही. 1926 पासून रोमला निवडलेला महापौर उरला नाही, सरकारने नेमलेला गव्हर्नर आला. 1929 मध्ये मुसोलिनी आणि पोप यांचा तह झाला, आणि 1930 मध्ये 20 सप्टेंबरची राष्ट्रीय सुटी रद्द झाली. नाथानच्या बहिणीचे नातू, कार्लो आणि नेल्लो रोसेल्ली, फॅसिझमविरुद्ध लढत होते. 1937 मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा खून करण्यात आला. 1938 मध्ये वंशाचे कायदे आले आणि ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढले गेले. 16 ऑक्टोबर 1943 च्या पहाटे जर्मन सैनिकांनी जुन्या घेट्टोच्या गल्ल्यांना वेढा घालून माणसे उचलली. एक हजाराहून अधिक ज्यूंना आउश्वित्झला नेण्यात आले. त्यांतले सोळा परत आले.

वीजकेंद्राचे काम 1963 मध्ये थांबले. 1997 पासून ते संग्रहालय आहे. मोंतेमार्तिनीच्या त्या प्रचंड काळ्या इंजिनांच्या शेजारी प्राचीन रोमचे संगमरवरी देव मांडून ठेवले आहेत, आणि फोटोत पाहिले तरी आधी नजर जाते ती इंजिनांकडे. नगरपालिकेची ती वीजसंस्था नाव बदलत बदलत पुढे कंपनी झाली, आणि 1999 मध्ये तिचे शेअर बाजारात विकायला निघाले. 51 टक्के तेवढे शहराने आपल्या हाती ठेवले.